अंगणातील शहाणा दिवा

पूर्वी आखातातून सुट्टीवर येणारा मुलगा घरच्यांसाठी रेडिओ, घड्याळ, फार तर इस्त्री घेऊन येत असे. आता त्याच्या पेटीतून मोबाईलच्या आज्ञेने लागणारे व विझणारे दिवे निघतात. त्यांना 'स्मार्ट लाइट' असे नाव आहे. आम्ही त्यांस शहाणे दिवे म्हणू. मात्र हे शहाणपण कितपत आहे आणि कोणाच्या कामाचे आहे, हे पाहणे आज अगत्याचे झाले आहे.

खानापूर तालुक्यातील एका वृद्ध वाचक भगिनीने आम्हांस पत्र धाडले आहे. पती निवर्तले आहेत, मुलगा परदेशी आहे. त्याने गेल्या नाताळात येऊन पडवीत, अंगणात आणि परसातील न्हाणीघराच्या वाटेवर असे दिवे बसविले. तिकडे बसून तो आईच्या अंगणातील दिवा लावू शकतो! परंतु निजण्यापूर्वी भिंतीवरील सारी बटणे बंद करावयाची, ही आईची जन्माची सवय. बटण बंद झाले की दिवा मुका. मग ना तो ठरल्या वेळी लागतो, ना मुलाची आज्ञा ऐकतो. मुलगा फोनवर रागावतो, आई फोन खाली ठेवते. पूर्वी ज्या फोनवर जेवलीस का, खोकला कसा आहे, अशी विचारपूस होई, त्यावर आता दिव्याचाच वाद चालतो. चूक कोणाची, असा त्या माउलीचा प्रश्न आहे.

आमचे मत स्पष्ट आहे. आईने बदलावे, असे आम्ही म्हणणार नाही, मांडणी बदलावी. या दिव्याच्या पोटात एक लहानसे बिनतारी यंत्र असते. ते अहोरात्र आज्ञेची वाट पाहत असते आणि त्यासाठी त्यास वीज सतत मिळावी लागते. यास्तव शहाणपण दिव्यात न ठेवता बटणाच्या मागे ठेवावे. तशी लहान डबी मिळते. ती वायरमनने स्विचबोर्डात बसविली म्हणजे दिवा साधाच राहतो, भिंतीवरील बटणही चालते आणि मोबाईलही चालतो. मात्र अशा बहुतेक डब्यांना बोर्डात न्यूट्रल तार लागते. जुन्या घरांत ती कित्येकदा नसते, म्हणून आधी पाहून घ्यावे आणि मग पैसे खर्चावेत.

खरे पाहता अंगणासाठी मोबाईलची गरजच काय? दोन साध्या युक्त्या पुरेशा आहेत. पहिली उजेड ओळखणारी. अंधार पडला की दिवा लागतो, उजाडले की विझतो. घड्याळ लावण्यापेक्षा ही बरी, कारण बेळगावकडे नोव्हेंबरअखेर सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तर जुलैच्या आरंभी सात वाजून गेल्यावर. घड्याळ बिचारे दोन्ही ऋतूंत एकाच वेळी दिवा लावणार. एवढेच जपावे की, त्या दिव्याचा स्वतःचा उजेड त्याच्याच डोळ्यावर पडू नये. तसे झाल्यास त्यास पहाट झाली असे वाटते, तो विझतो, पुन्हा अंधार होतो, पुन्हा लागतो, आणि रात्रभर हा खेळ चालतो.

दुसरी युक्ती हालचाल ओळखणारी. माणसाच्या अंगाची ऊब सरकताना तिला कळते आणि दिवा आपोआप लागतो. माणूस निघून गेल्यावर मिनिटा-दोन मिनिटांत विझतो. जमिनीपासून दोन ते अडीच मीटर उंचीवर ती बसवावी. समोरून सरळ चालत येणाऱ्यापेक्षा आडवे जाणारे माणूस तिला लवकर दिसते, म्हणून वाट तिच्या समोरून आडवी जाईल अशी जागा निवडावी. वैशाखातील उकाड्यात अंगणच माणसाच्या अंगाइतके तापलेले असते, तेव्हा ती जरा उशिरा जागी होते. कुत्र्या-मांजरांसाठीही ती दिवा लावील. त्याला इलाज नाही.

एक गोष्ट आम्ही आग्रहाने सांगू इच्छितो. सापाचे अंग भोवतालच्या हवेइतकेच गार-गरम असते, त्यामुळे या यंत्रास साप बहुधा दिसत नाही. दिवा लागला नाही म्हणजे वाटेवर काही नाही, असे कोणी समजू नये. दिवा माणसाला पाहून लागतो. सापाला पाहावयाचे ते माणसानेच. मण्यार, घोणस, फुरसे ही सारी मुख्यतः रात्री हिंडणारी. २००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे दगावली असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिला आहे. त्यांतील बहुतेक खेड्यांतील, आणि निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांतील. तेव्हा न्हाणीघराची वाट, विहिरीच्या पायऱ्या आणि लाकूडफाट्याची जागा येथे प्रथम उजेड हवा. गुलाबाच्या ताटव्याची शोभा मागाहून. वीज गेली तर हाताशी बॅटरी असावी हे सांगणे नलगे. पायात वहाणा असाव्यात, हेही.

खर्चाचा हिशेब ज्याने त्याने मांडून पाहावा. जुना ६० वॅटचा बल्ब रोज बारा तास जळाला तर महिन्यास २१.६ युनिटे होतात. त्याच्या जागी ९ वॅटचा एलईडी दिवा लावल्यास ३.२४. तोच हालचालीने लागून दिवसाकाठी एकच तास जळाला तर ०.२७ युनिट, म्हणजे जेमतेम पाव युनिट. यंत्रास स्वतःसाठी थोडी वीज लागते ती वेगळी. याउलट मोबाईलच्या दिव्याने आज्ञेची वाट पाहण्यात अर्धा वॅट जरी खाल्ला, तरी न लागताच महिन्याला ०.३६ युनिट होते.

रात्रभर झगझगीत पांढरा दिवा ठेवण्याची हौस काही घरांत दिसते. ती आम्हांस रुचत नाही. पावसाच्या तोंडावर आपल्या रानात काजवे चमकतात, ते नर-मादीचे एकमेकांस खुणावणे असते. मोठ्या उजेडात त्यांच्या खुणा हरवतात. शेजाऱ्याच्या खिडकीत आपला उजेड शिरतो तो निराळाच. दिव्याच्या खोक्यावर २७०० के असा आकडा पाहून पिवळसर उजेडाचा दिवा घ्यावा. त्यावर किडेही कमी येतात, आणि दिव्याचे तोंड जमिनीकडे ठेवले म्हणजे शेजारधर्मही राहतो.

घरातील वेदीपुढील दिवा रोज सायंकाळी सात वाजता, जपमाळेच्या वेळी आपोआप लागावा अशी सोय करावी काय, असेही काहींनी विचारले आहे. विजेच्या दिव्यास आमची हरकत नाही. पण ज्या घरी ती मेणबत्ती लावण्याचा मान धाकट्या लेकराचा आहे, तेथे तो यंत्रास देऊ नये. नाताळच्या ताऱ्याला आणि गोठ्याच्या माळांना मात्र घड्याळी बटण खुशाल लावावे. मध्यरात्रीच्या मिस्सेहून परतल्यावर त्या विझविण्याचे भान कोणास असते?

मोबाईलचे दिवे ज्यांनी घेतलेच आहेत, त्यांना दोन सूचना. वीज जाऊन परत आली की असे पुष्कळ दिवे पूर्ण तेजाने लागतात, मग रात्रीचे दोन का वाजलेले असेनात. ॲपमध्ये 'वीज आल्यावर काय करावे' ही निवड बहुधा असते. ती 'पूर्ववत' अशी ठेवावी. दुसरे, त्या ॲपचा पासवर्ड घराच्या किल्लीसारखा जपावा. घरात केव्हा कोणी असते आणि केव्हा नसते, हे दिव्यांच्या वेळांवरून परक्यास कळू शकते.

उघड्यावरील दिव्याच्या खोक्यावर आयपी ६५ ही खूण पाहावी. तो पावसाच्या माऱ्यास टिकतो. परसातील तार झाडास खिळ्याने ठोकू नये, ती नळीतून न्यावी. अर्थिंग नीट असावे, आणि मुख्य बोर्डावर ३० मिलिॲम्पिअरचे, गळती होताच वीज तोडणारे स्विच नसेल तर दिव्यांच्या आधी ते बसवून घ्यावे. हे काम मृगापूर्वी उरकावे. ओल्या भिंतीत वायरमनही हात घालण्यास कचरतो.