आज त्यांनी काय वाजवलं?

डीप पर्पल या रॉक वाद्यवृंदाचा कार्यक्रम आज जगात कुठेही झाला तरी त्यातली निम्मी गाणी तिकीट काढणाऱ्याला आधीच ठाऊक असतात. ‘हायवे स्टार’ असणार, ‘लेझी’ बहुतेक असणार, ‘स्मोक ऑन द वॉटर’शिवाय तर कुणी घरी जाणारच नाही. पन्नास वर्षांपूर्वीची गाणी ऐकायला आलेल्या लोकांना ती तशीच हवी असतात आणि त्यात काही गैर नाही. पण या ठरलेल्या दीड-दोन तासांत थोडी मिनिटं अशी असतात की ती आदल्या रात्रीसारखी नसतात. तेव्हा बाकीचे चौघे बाजूला होतात आणि डॉन एअरी एकटेच कीबोर्डवर बसतात. सत्तरी केव्हाच ओलांडलेला हा माणूस शास्त्रीय पियानोचे तुकडे वाजवतो, मध्येच जुन्या जॅझच्या वळणावर जातो, ऑझी ऑस्बर्नच्या ‘मिस्टर क्राउली’ची १९८० साली स्वतःच वाजवलेल्या सुरुवातीची आठवण करून देतो आणि ज्या गावात मंच उभा आहे तिथल्या लोकांच्या ओळखीची एखादी धून त्यात ओवतो. धून ओळखली गेली की प्रेक्षागृहात जो गलका उठतो, तो त्या गावापुरता असतो. पुढच्या गावात धून वेगळी आणि गलकाही वेगळा.

म्हणून या वाद्यवृंदाचे जाणते चाहते कार्यक्रमाहून परतलेल्या माणसाला विचारतात ते हेच: आज त्यांनी काय वाजवलं? किती वेळ वाजवलं? हॅमंड ऑर्गनवर किती आणि पियानोवर किती? हात कसा होता?

बाहेरच्याला ही चौकशी वेडेपणाची वाटेल. मला ती फार मोलाची वाटते आणि या आठवड्याचा स्तंभ तिच्यासाठीच आहे. रॉकच्या वृत्तपत्री परीक्षणात कीबोर्डवादकाच्या वाट्याला एखादं वाक्य येतं, कधी तेही नाही. गायकाचा आवाज चढला की नाही, गिटारवाला कसा पळाला, यातच रकाना संपतो. कीबोर्डवादक मंचाच्या कडेला, एका लाकडी कपाटाएवढ्या वाद्याआड बसलेला असतो. त्याच्या उतारवयातल्या वादनाची नोंद कुठे उरत असेल तर ती चाहत्यांनी एकमेकांना सांगितलेल्या हकिगतींतच. ती जबाबदारी या लोकांनी मागून घेतलेली नाही, पण ती त्यांच्याकडे आलेली आहे, आणि ती नीट पार पाडली पाहिजे असं माझं म्हणणं आहे.

नीट म्हणजे काय, हे समजायला आधी त्या कपाटाकडे पाहावं लागतं. लॉरेन्स हॅमंड यांचं विजेवर चालणारं ऑर्गन १९३५ साली बाजारात आलं. ज्या चर्चना पाइप ऑर्गन परवडत नव्हतं त्यांच्यासाठी ते सोयीचं होतं. आत एक मोटर, तिच्यावर फिरणारी दातेरी धातूची चाकं, त्यांच्यासमोर चुंबक आणि तारेची गुंडाळी. चाक फिरलं की स्वर निघतो. पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज तेवढाच. लहान-मोठा आवाज पायाखालच्या पॅडलने करायचा. पेटीवाल्याचा भाता जे काम करतो ते इथे उजवा पाय करतो. स्वराचा पोत बदलायचा तर वाजवता वाजवता एका हाताने वरच्या दांड्या आतबाहेर सरकवायच्या. म्हणजे वादकाचं अर्धं कसब बोटांत नसतंच. ते पायात आणि त्या दांड्यांवर असतं. लांबून बघणाऱ्याला हे दिसत नाही. ज्याला ऐकण्याची सवय आहे त्यालाच कळतं.

या ऑर्गनला बहुतेकजण लेस्ली नावाचा, आत भोंगा फिरणारा स्पीकर जोडत. डीप पर्पलचे मूळ कीबोर्डवादक जॉन लॉर्ड यांनी ते ऑर्गन गिटारसाठी असलेल्या मार्शल ॲम्प्लिफायरला जोडलं. चर्चच्या वाद्याला गुरगुर आली. रिची ब्लॅकमोर यांच्या गिटारसमोर ते वाद्य बरोबरीने उभं राहिलं आणि दुसऱ्या गिटारवाल्याची गरजच उरली नाही. हार्ड रॉकमध्ये ऑर्गन हे पाठीमागे धरून ठेवायचं वाद्य राहिलं नाही, त्याचं श्रेय इतर कुणाहीपेक्षा लॉर्ड यांच्याकडे जातं, असं माझं मत आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी ऑगस्ट १९७२ मध्ये ओसाका आणि टोकियोत ध्वनिमुद्रित झालेलं ‘मेड इन जपान’ काढावं आणि ‘लेझी’ची सुरुवात नुसती ऐकावी.

लॉर्ड यांच्या आयुष्यात एक प्रसंग असा आहे की ऐकणाऱ्याचं मोल त्याच्याइतकं स्पष्ट दुसऱ्या कशातच दिसत नाही. २४ सप्टेंबर १९६९ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्यांची ‘कॉन्चेर्टो फॉर ग्रुप अँड ऑर्केस्ट्रा’ ही रचना सादर झाली. डीप पर्पल आणि रॉयल फिलहार्मनिक ऑर्केस्ट्रा एकाच मंचावर, माल्कम आर्नल्ड यांच्या संचालनाखाली. लॉर्ड तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे होते. पुढच्या वर्षी अमेरिकेत हॉलिवूड बोलमध्ये ती पुन्हा वाजली आणि त्यानंतर तिची स्वरलिपीच हरवली. शंभरेक वादकांसाठी लिहिलेली रचना. कागद गेले म्हणजे ती परत वाजवणं संपलं. जवळजवळ तीस वर्षं ती फक्त ध्वनिमुद्रिकेत आणि चित्रफितीत उरली.

मग मार्को द खोय नावाच्या एका तरुण डच संगीतकाराने ती ध्वनिमुद्रिका ऐकून आणि चित्रफीत पाहून सगळी स्वरलिपी पुन्हा लिहायला घेतली. कुणी सांगितलेलं नव्हतं. कुठल्या क्षणी कुठलं वाद्य काय वाजवतंय, ढोल-गिटारच्या गदारोळाखाली दुसरं व्हायोलिन नेमकं कुठे आहे, हे कानाने शोधत तो बसला. त्याचं काम पाहून लॉर्ड स्वतः पुढे आले, संचालक पॉल मान यांच्यासह उरलेल्या जागा भरल्या गेल्या आणि सप्टेंबर १९९९ मध्ये त्याच रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रासह ती रचना पुन्हा वाजली. त्यानंतर ती देशोदेशी वाजत राहिली. रचनाकाराचे स्वतःचे कागद हरवले आणि ऐकणाऱ्याच्या कानाने ते त्याला परत दिले. चाहत्याच्या लक्षपूर्वक ऐकण्याची ताकद किती असते ते मोजायला मला यापलीकडे काही लागत नाही.

आपल्याकडचा एक धागा इथे खरोखरच जुळतो. ‘चाइल्ड इन टाइम’ हे डीप पर्पलचं गाणं ज्या संथ ऑर्गनवर उघडतं, ती चाल मूळ त्यांची नव्हे. सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘इट्स अ ब्यूटिफुल डे’ या वाद्यवृंदाच्या १९६९च्या तबकडीत ‘बॉम्बे कॉलिंग’ नावाची व्हायोलिनप्रधान धून आहे. लॉर्ड ती ऑर्गनवर वाजवत होते, वाद्यवृंदाने तिची लय खाली आणली, गायक इयन गिलन यांनी त्यावर शब्द घातले आणि १९७० साली ‘इन रॉक’ या तबकडीत ती आली. गिलन यांनी हे कधी लपवलं नाही. पुढे ८ एप्रिल १९९५ रोजी डीप पर्पल मुंबईत वाजले, तेव्हा ऑर्गनवर लॉर्डच होते. ब्लॅकमोर वाद्यवृंद सोडून गेले होते, गिटारवर स्टीव्ह मोर्स नुकतेच आले होते आणि पुढच्या वर्षी प्रसिद्ध व्हायच्या तबकडीतली गाणी आकार घेत होती. त्या मैफलीची चित्रफीत निघाली, तिचं नावही ‘बॉम्बे कॉलिंग’च ठेवलं गेलं. मुंबईच्या श्रोत्यांना एका मोठ्या वाद्यवृंदाचं नवं रूप अगदी कोवळ्या अवस्थेत ऐकायला मिळालं होतं. त्याबद्दल आपण मराठीत फार कमी लिहिलं.

२००२ साली लॉर्ड यांनी डीप पर्पल सोडलं. आधी गुडघ्याच्या दुखण्यामुळे काही कार्यक्रमांत एअरी त्यांच्या जागी बसले होते. आता ती जागा कायमची त्यांची झाली. एअरी यांनी तोवर रेनबो, ऑझी ऑस्बर्न, व्हाइटस्नेक अशा कितीतरी ठिकाणी वाजवलेलं होतं, संगीताचं रीतसर शिक्षण घेतलेलं होतं. तरी पहिली काही वर्षं चाहत्यांच्या बोलण्यात एकच मोजमाप होतं: लॉर्डसारखं झालं की नाही. ते मोजमाप अन्यायाचं होतं. एअरी यांनी लॉर्डचा स्वर राखला, ‘लेझी’चा मान राखला, आणि आपल्या एकट्याच्या वेळात मात्र स्वतःचंच वाजवलं. वीस वर्षांहून अधिक काळ ते हे करत आले आहेत. ज्या चाहत्यांनी त्या काही मिनिटांच्या हकिगती रात्रीमागून रात्र सांगितल्या, त्यांच्यामुळेच हा माणूस बदली वादक नव्हे हे हळूहळू सगळ्यांना कळलं.

या सांगण्याची दुसरी बाजूही आहे आणि ती लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. किथ इमर्सन, म्हणजे ‘इमर्सन, लेक अँड पामर’मधले ते विलक्षण वेगवान कीबोर्डवादक. १९९३ पासून त्यांच्या उजव्या हाताच्या मज्जातंतूंचा विकार सुरू झाला. बोटं पूर्वीसारखी वळेनात. तरी ते वाजवत राहिले. मार्च २०१६ मध्ये, जपानमधले कार्यक्रम महिन्यावर आलेले असताना, सँटा मोनिका इथल्या घरी त्यांनी आयुष्य संपवलं. ते नैराश्याने ग्रस्त होते. अशा निर्णयामागे एकच कारण कधी नसतं. पण त्यांच्या जोडीदार नंतर जे बोलल्या ते प्रत्येक चाहत्याने मनाशी ठेवायला हवं: आपण पुरेसं चांगलं वाजवू शकणार नाही या काळजीने ते पोखरले गेले होते आणि लोकांनी त्यांच्या वादनाबद्दल लिहिलेलं कठोर त्यांना लागलं होतं. ते वाचत होते. आपण ज्याच्याबद्दल बोलतो तो वाचतो.

यावर खोटं कौतुक करा, असं मी मुळीच म्हणणार नाही. वादकाला आपल्या हाताचं काय झालंय ते आपल्यापेक्षा आधी कळलेलं असतं. खोटी वाहवा त्याला अपमानासारखीच लागते. मी मागते आहे ती बारकाई. ‘हात गेला’ असं म्हणणारा काहीच सांगत नाही. वेगवान जागा आज गिटारकडे दिल्या होत्या, संथ भागात स्वर पूर्वीपेक्षा जास्त वेळ धरला होता, दांड्या अधिक खेचून आवाज जाड केला होता, असं सांगणारा खरंही बोलतो आणि त्या वादकाने वयाशी कसा व्यवहार केला तेही दाखवतो. पंचाहत्तरीच्या माणसाकडे तिशीतली ध्वनिमुद्रिका मागणाऱ्याला त्या रात्री समोर काय घडलं ते ऐकूच येत नाही.

आजाराच्या बातमीचंही तेच. ऑगस्ट २०११ मध्ये लॉर्ड यांनी आपल्याला कर्करोग झाल्याचं स्वतःच जाहीर केलं आणि संगीत लिहीत राहणार असंही सांगितलं. किती सांगायचं आणि केव्हा, हे त्यांनी ठरवलं. पुढच्या वर्षी जुलैत जर्मनीत हागेन इथे त्यांच्या ‘डरहम कॉन्चेर्टो’च्या कार्यक्रमात ते परत मंचावर येणार होते, ते जमलं नाही, आणि १६ जुलै २०१२ रोजी ते गेले. पहिल्या कॉन्चेर्टोचं स्टुडिओत नव्याने केलेलं ध्वनिमुद्रण त्यांनी शेवटच्या दिवसांत ऐकलं होतं; ते बाजारात आलं तेव्हा ते नव्हते. तब्येतीची बातमी ज्याची त्याने द्यावी, घरच्यांनी द्यावी. मंचामागे कुणीतरी खोकताना पाहिलं एवढ्यावर चाहत्याने ती पुढे सरकवू नये, मग काळजी कितीही खरी असो.

या पिढीचे कीबोर्डवादक आता थोडेच उरले. पिंक फ्लॉइडचे रिक राइट २००८ मध्ये गेले, डोअर्सचे रे मॅन्झारेक २०१३ मध्ये, ‘द बँड’चे गार्थ हडसन जानेवारी २०२५ मध्ये. मॅन्झारेक डाव्या हाताने बास आणि उजव्या हाताने ऑर्गन वाजवत, कारण डोअर्सच्या मंचावर बास वाजवणारा वेगळा कुणी नसे. ते शेवटच्या वर्षांत कसं वाजवत होते हे मला वाचायचं आहे, आणि मिळतं ते बहुतेक डोअर्सचे गायक जिम मॉरिसन यांच्याबद्दल.

तर वाचकांना माझी एक मागणी आहे. १९९५च्या त्या मुंबईच्या मैफलीला तुमच्यापैकी कुणी होतं का? चित्रफितीत कॅमेरा जिथे वळला तेवढंच दिसतं. तुम्ही कुठे उभे होता, तिथपर्यंत ऑर्गन कसं पोचत होतं, लॉर्ड एकटे वाजवत असताना आसपासचे लोक काय करत होते, तुम्हाला कुठला तुकडा ओळखू आला, हे मला लिहून पाठवा. तिशी उलटून गेलेली आठवण आहे, पुसट झाली असेल तर पुसट लिहा, आणि जिथे खात्री नाही तिथे तसं म्हणा. आलेल्या पत्रांतला मजकूर पुढच्या महिन्यात याच जागेवर छापीन.