याला अभ्यास म्हणू नका

दिवाळीनंतर एक जुना विद्यार्थी घरी आला होता. अंबड तालुक्यातल्या एका खेड्यात त्याची थोडी कोरडवाहू जमीन आहे. पाया पडला, चहा झाला, आणि मग बराच वेळ गप्प बसून राहिला. मास्तराला गप्प बसलेला विद्यार्थी ओळखता येतो. गृहपाठ न करता आलेल्या पोराचे गप्प बसणे वेगळे आणि काहीतरी गमावून आलेल्याचे वेगळे.

शेवटी बोलला. दोन हंगामांतले कापसाचे बरेचसे पैसे मोबाईलवरच्या क्रिकेटच्या खेळात गेले होते. बायकोला निम्मा आकडा सांगितला होता, बापाला काहीच नाही. मी रागावणार हे ओळखून घाईघाईने म्हणाला, "पण सर, मी जुगार नव्हतो खेळत. अभ्यास करून टीम लावायचो."

पैसे गेले याचे वाईट वाटतेच. पण हा लेख मी लिहितो आहे तो त्या 'अभ्यास' या शब्दासाठी. पस्तीस वर्षे त्या शब्दावर मी पोट भरले. तो असा कुणीही वापरावा, हे मला सोसत नाही.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. उद्याच्या सामन्यातल्या दोन्ही संघांमधून आपण अकरा खेळाडू निवडायचे. ते खऱ्या मैदानावर जसे खेळतील तसे आपल्याला गुण. आपण नेमलेल्या कप्तानाचे गुण दुप्पट, उपकप्तानाचे दीडपट. पैसे लावून खेळायचे ते प्रकार ऑगस्ट २०२५ च्या केंद्राच्या कायद्याने बंद झाले. पण म्हणून खोड गेली असे समजू नका. फुकटचे खेळ आहेतच, आणि पारावर शंभर-शंभर रुपये गोळा करून तीच टीम वहीवर लावणारी पोरे मी स्वतः पाहिली आहेत.

आता त्यांचा 'अभ्यास'. त्याने मला मोबाईलवर तक्ते दाखवले. कोणता गोलंदाज कोणत्या फलंदाजाला किती वेळा बाद करतो, कोणता संघ डावखुऱ्या फलंदाजांना जास्त धावा देतो, कोणाची गोलंदाजी सलामीवीरांपुढे कच्ची. सगळे क्रमांक लावून, हिरव्या-लाल रंगात. समोरचा संघ लाल दिसला की आपला फलंदाज आत घ्यायचा, हिरवा दिसला की बाहेर. मी बीए मराठीचा माणूस, गणिताचा नव्हे. पण एवढे प्रश्न तर मलाही पडले.

पहिला प्रश्न आकड्यांचा. एका तक्त्यात एक फलंदाज एका गोलंदाजापुढे 'कमजोर' ठरवला होता. का, तर नऊ चेंडूंत दोनदा बाद. नऊ चेंडू! म्हणजे दीड षटक. वर्षभरातल्या दीड तासावरून मी एखाद्या पोराचे प्रगतिपुस्तक भरले असते तर त्याच्या बापाने मला शाळेत येऊन जाब विचारला असता, आणि ते बरोबरच झाले असते.

दुसरा प्रश्न तक्ता काय मोजतो याचा. रोहित शर्मा आणि शाहीन आफ्रिदी घ्या. २०२१ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात शाहीनने रोहितला पहिल्याच चेंडूवर पायचीत केले. २०२३ च्या आशिया चषकात ११ धावांवर त्रिफळा उडवला. मग त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला अहमदाबादला रोहितने ६३ चेंडूंत ८६ धावा कुटल्या, आणि शेवटी बाद झाला तो शाहीनच्याच चेंडूवर. तक्त्यात काय पडले? शाहीनच्या नावापुढे आणखी एक बळी! ज्याने तो सामना पाहिला त्याला विचारा, त्या दिवशी कोण कोणाला भारी पडले. बळींच्या रकान्यात मात्र पहिल्या चेंडूवरचे शून्य आणि ८६ धावा दोन्ही सारखेच, एकेक बळी.

तिसरा प्रश्न सगळ्यात मोठा, आणि त्याचे उदाहरण आपल्या जालन्याचेच आहे. २०११ साली विजय झोल या आपल्या डावखुऱ्या पोराने कूचबिहार करंडकात १९ वर्षांखालील महाराष्ट्राकडून आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा केल्या. आता त्या मोसमाचा तक्ता मांडा. 'डावखुऱ्यांना सर्वाधिक धावा देणारा संघ' म्हणून आसाम लालभडक दिसेल. पुढच्या सामन्यात कुणीही साधा डावखुरा आत घ्या, असे तक्ता सांगेल. पण ती आसामची कमजोरी होती की झोलची करामत? समोर कोण उभे होते हे विसरून काढलेली सरासरी ही अर्धी गोष्ट असते. आपल्याकडे शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. जिल्ह्याच्या पावसाची सरासरी कागदावर असतेच, पण २०१२-१३ च्या दुष्काळात त्या सरासरीने कुणाची विहीर भरली नाही.

आणि समजा, तक्ता अगदी बरोबर आहे. मग तो तुमच्या एकट्याकडे आहे का? तोच तक्ता पाहून हजारो जण तोच कप्तान नेमतात. सगळ्यांनी एकच गाईड पाठ केल्यावर पहिला नंबर कुणाचा? शिवाय सगळ्यांनी भरलेल्या पैशांतून चालवणारा आपला वाटा आधी काढतो आणि उरलेले बक्षीस म्हणून वाटतो. म्हणजे सगळे खेळणारे मिळून कायम तोट्यातच. त्या वाट्यापुढे कुठला तक्ता चालणार?

कुणी म्हणेल, सर, न्यायालयांनीच याला कौशल्याचा खेळ म्हटले होते. खरे आहे. २०१७ मध्ये पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने आणि २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तसे म्हटले होते. मीही मान्य करतो की कोण फॉर्मात आहे, कोण दुखापतग्रस्त आहे, खेळपट्टी फिरकीला साथ देते का, हे जाणणाऱ्याची टीम न जाणणाऱ्यापेक्षा बरी निघेल. क्रिकेट कळणे हे कौशल्य आहे, त्याचा मला आदर आहे. पण दुसऱ्याने रंगवलेला तक्ता बघून बोट दाबणे हे कौशल्य कसे?

माझा राग आहे तो इथे. नुसता जुगार खेळणाऱ्याला मनातून ठाऊक असते की आपण जुगार खेळतो आहोत. कधीतरी लाज वाटते, कधीतरी तो थांबतो. तक्त्याने ती लाज काढून घेतली. हरला तर तो म्हणतो, अभ्यास कमी पडला. आणि अभ्यास कमी पडल्यावर चांगला विद्यार्थी काय करतो? जास्त करतो! रात्री दोन-दोन वाजेपर्यंत. आम्हीच शाळेत शिकवलेली चिकाटी त्या पोराच्या मुळावर आली.

अभ्यासाची माझी व्याख्या साधी आहे. ज्यात आपण चुकलो हे आपल्याला कळू शकते, तो अभ्यास. म्हणून मी त्याला एक दोनशे पानी वही दिली. म्हटले, पैसे न लावता प्रत्येक सामन्याआधी दोन टीम लिही. एक तक्त्यावरून आणि दुसरी चिठ्ठ्या टाकून. सामना झाला की दोन्हींचे गुण मांड आणि मला आणून दाखव.

महिन्याने आला. बारा सामने लिहिले होते, पुढची पाने कोरी. तक्त्याची टीम काही वेळा पुढे होती, ते मी त्याला कबूल केले. पण चिठ्ठ्यांची टीमही इतक्या वेळा पुढे निघाली होती की त्याचा चेहराच उतरला. "सर, पुढचं लिवावंच वाटंना," म्हणाला.

म्हटले, हा झाला अभ्यास. आता घरी जा आणि बायकोला खरा आकडा सांग.

सांगितला की नाही, मी अजून विचारलेले नाही. पण तुमच्या घरात कुणी रात्री उशिरा मोबाईलवर 'अभ्यास' करत बसत असेल, तर रागावण्याआधी त्याच्या हातात एक वही द्या. असो.