‘बदलून टाका’ म्हणजे दुरुस्ती नव्हे!

आधीच सांगून टाकतो, आजचा लेख जरा तिरसट होणार आहे. ज्यांना शनिवारी सकाळी चहासोबत गोड काहीतरी वाचायचं असेल त्यांनी इथूनच परत फिरावं. :)

झालं असं. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिघं मित्र वेल्ह्याच्या बाजूला मातीच्या रस्त्यांवर बाईक घेऊन गेलो होतो. माझ्याकडे सेकंडहँड घेतलेली एक डर्ट बाईक आहे. एका चढावर मी दुसऱ्या गिअरमध्ये थ्रॉटल पिळला, इंजिन बोंबललं, पण गाडी जागची हलेना. नुसता आवाज, आणि खालून जळकट वास. मग गाडी हळूहळू मागे यायला लागली. मागे माझा मित्र होता, आणि त्याच्या मागे उतार. पुढचा ब्रेक दाबला तर मातीवर चाक घसरायला लागलं. शेवटी मी गाडी बाजूच्या बांधावर आडवी टाकली. गुडघा सोलला, बाकी कोणाला काही झालं नाही.

आता यात लेख लिहिण्यासारखं काय? तर, त्या बाईकचा क्लच पाचच महिन्यांपूर्वी बदललेला होता. अख्खा! प्लेटा, स्प्रिंगा, हब, हाउसिंग, सगळं. वर्कशॉपमध्ये एसी वेटिंग रूममध्ये बसून कॉफी पीत मी सात हजार आठशे रुपयांचं बिल भरलं होतं. क्लच घसरतोय एवढं मी काउंटरवर सांगितलं, समोरच्या मुलाने कॉम्प्युटरवर टाइप केलं, आणि एस्टिमेट आलं: ‘क्लच असेंब्ली रिप्लेस’. गाडी कोणी चालवूनसुद्धा बघितली नव्हती.

मी काय केलं? मी सही केली. जुने पार्ट दाखवा असंही म्हणालो नाही. तो क्लच खरंच झिजला होता की नाही, हे आता मला या जन्मी कळणार नाही.

आणि लाज वाटण्यासारखी गोष्ट पुढेच आहे. माझी डिग्री मेकॅनिकलची आहे. पोट सॉफ्टवेअरवर चालतं, पण मार्कशीटवर ‘मेकॅनिकल’ लिहिलेलं आहे. पुण्यात दगड मारला तर असा एकतरी माणूस सापडेल. आम्ही सगळ्यांनी ‘थिअरी ऑफ मशिन्स’मध्ये क्लचवरची गणितं सोडवलेली आहेत, युनिफॉर्म प्रेशर आणि युनिफॉर्म वेअर, आठ-आठ मार्कांची. सूत्र अजून पाठ आहे. क्लच किती टॉर्क पेलू शकतो? तर घर्षण गुणांक, गुणिले दाबणारं बल, गुणिले सरासरी त्रिज्या, गुणिले घासणाऱ्या पृष्ठभागांची संख्या. बस्स.

आता हेच सूत्र पाच मिनिटं शांतपणे बघा. त्रिज्या बदलत नाही. पृष्ठभागांची संख्या बदलत नाही. म्हणजे क्लच घसरतोय याचा अर्थ दोनच गोष्टींपैकी काहीतरी कमी झालंय: घर्षण, किंवा दाब. आणि गंमत म्हणजे प्लेटची जाडी या सूत्रात कुठेच नाही! प्लेट झिजली की क्लच घसरतो हे खरं, पण ते कसं? प्लेटा बारीक झाल्या की स्प्रिंगा तेवढ्या सैल होतात आणि दाब कमी होतो, असं. म्हणजे झीज हे अनेक कारणांपैकी एक कारण आहे. आपण मात्र ‘क्लच घसरतोय’ आणि ‘क्लचप्लेट गेली’ ही दोन वाक्यं एकाच अर्थाची धरून चालतो. हे म्हणजे ताप आला की डॉक्टरने थेट ‘टायफॉइड’ लिहून मोकळं होण्यासारखं आहे.

तर दुसऱ्या वेळी मी त्या वर्कशॉपमध्ये गेलो नाही. ऑफिसमधल्या एकाने नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांमागे एक गॅरेज सांगितलं. गॅरेज म्हणजे दहा बाय बाराची खोली, आणि काका साधारण साठीचे. मी गाडी लावली आणि ऐटीत म्हणालो, “काका, क्लचप्लेट गेलीय. सेट टाकून द्या.”

काकांनी माझ्याकडे बघितलंच नाही. क्लचच्या लिव्हरचं टोक दोन बोटांनी हलवून बघितलं. “साहेब, याला प्लेच नाही. कोणी टाइट केला?”

मी केला होता. क्लच लवकर पकडावा म्हणून. लिव्हरच्या टोकाला साधारण दहा-पंधरा मिलिमीटर मोकळी हालचाल लागते (प्रत्येक गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये असतो). ती नसेल तर वायर सतत ओढलेली राहते, म्हणजे तुम्ही चोवीस तास हाफ क्लचवर गाडी चालवताय. आणि क्लच झिजत जातो तसा हा प्ले आपोआप कमी होत जातो, त्यामुळे तो मधूनमधून बघावाच लागतो. बघायला पैसे पडत नाहीत. पानासुद्धा लागत नाही.

मग ते एक चक्कर मारून आले. वरच्या गिअरमध्ये, मध्यम स्पीडला, एकदम थ्रॉटल उघडायचा. इंजिनचा आवाज चढला आणि स्पीड त्याच्याबरोबर चढला नाही, तर क्लच घसरतोय. उलटा आजारही असतो: लिव्हर पूर्ण दाबूनही गाडी पुढे सरकते, न्यूट्रल सापडत नाही. त्याला घसरणं नाही, चिकटणं म्हणायचं. त्याची कारणं वेगळी: वाकलेली प्लेट, हाउसिंगच्या बोटांवर पडलेल्या खाचा, किंवा प्ले जास्त. दोन्हीवर एकच औषध चालत नाही.

परत आल्यावर त्यांनी जो प्रश्न विचारला, तो मला वर्कशॉपमध्ये कोणीही विचारला नव्हता.

“ऑइल कोणतं टाकलंय?”

मी अभिमानाने सांगितलं. फुल सिंथेटिक, महागडं, बाबांच्या कारसाठी आणलेल्या मोठ्या कॅनमधलं उरलेलं. बदलतो पण मी स्वतःच, घरी. पाच महिन्यांपूर्वी क्लच बदलला तेव्हासुद्धा हाच कॅन मी वर्कशॉपमध्ये नेऊन दिला होता, “हेच टाका” म्हणून. आणि त्यांनी निमूटपणे टाकलं होतं.

काका हसले. म्हणाले, “इंजिनियर आहात ना?”

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बहुतेक गिअरच्या बाईकमध्ये क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो. कारमध्ये सहसा तसं नसतं. त्यामुळे कारच्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं बिनधास्त घालतात, मायलेज वाढतं. तेच ऑइल बाईकमध्ये टाकलं की घर्षण गुणांकाची वाट लागू शकते. याच भानगडीमुळे जपानमध्ये १९९८ साली दुचाकीच्या ऑइलसाठी जासो टी ९०३ हे मानक आलं. कॅनच्या मागे एक छोटी चौकट असते. त्यात एमए किंवा एमए२ असेल तर ओल्या क्लचला चालतं. एमबी असेल तर ते ऑटोमॅटिक स्कूटरसाठी. माझ्या कॅनवर ती चौकटच नव्हती. मी कधी बघितलंच नव्हतं.

मी काकांना विचारलं, उघडताना थांबू का? ते म्हणाले, थांबा, पण हात लावायचा असेल तरच. मग रविवारी सकाळी गेलो.

ऑइल काढलं. क्लचची वायर सोडवली, किक काढली, उजव्या बाजूचं कव्हर उघडलं. कव्हरचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात, म्हणून काकांनी पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढला आणि जो बोल्ट जिथला तिथे भोक पाडून खोचला. (व्हर्जन कंट्रोल!) स्प्रिंगचे बोल्ट एकदम नाही, समोरासमोरचे थोडेथोडे करून सैल केले. प्रेशर प्लेट निघाली आणि आतल्या प्लेटा एकामागून एक बाहेर आल्या, त्याच क्रमाने वर्तमानपत्रावर मांडल्या.

व्हर्नियर माझ्या हातात दिला. कॉलेजनंतर पहिल्यांदाच हातात धरला असेन. नवीन प्लेट तीन मिलिमीटरची, माझ्या २.९ च्या आसपास, प्रत्येकीला तीन-चार ठिकाणी मोजून. मॅन्युअलमधल्या मर्यादेच्या आत. म्हणजे प्लेटा झिजलेल्या नव्हत्या! पण काचेसारख्या गुळगुळीत झालेल्या आणि जळक्या वासाच्या. मधल्या स्टीलच्या प्लेटा काचेवर ठेवून खाली फिलर गेज घालून बघितलं. दोन वाकलेल्या, कडेला निळसर पडलेल्या. निळा रंग म्हणजे तापल्याची खूण. स्प्रिंगांची लांबी मोजली, ठीक. हाउसिंगची बोटं बोटाने चाचपली, खाचा नाहीत.

म्हणजे निदान काय? घर्षण ऑइलने खाल्लं आणि दाब मी टाइट केलेल्या वायरने. घसरून घसरून प्लेटा जळल्या. हब चांगलं, हाउसिंग चांगलं, स्प्रिंगा चांगल्या.

नवीन घर्षण-प्लेटांचा सेट रात्रभर बरोबर ऑइलमध्ये भिजवून ठेवला होता. दोन स्टीलच्या प्लेटा, नवीन पॅकिंग. बोल्ट पुन्हा समोरासमोर, टॉर्क पान्याने, कारण ॲल्युमिनियममधले आटे रागाने आवळले की जातात. लिव्हरला प्ले दिला. सामान आणि ऑइल मिळून दोन हजार तीनशे, काकांचे पाचशे. आज त्यावर सात महिने झालेत, आणि त्याच चढावर मी दोनदा जाऊन आलोय.

आता खरा मुद्दा. इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, वर्कशॉपवाले लुटतात. नाही राव, एवढं सोपं नाहीये. निघताना मी काकांना म्हणालो, तुमच्यासारखं तपासून काम कोणी का करत नाही? त्यांनी हात पुसत सांगितलं, “साहेब, बघायचे पैसे कोणी देतं का? अर्धा तास बघितलं, वायर सैल करून दिली आणि शंभर रुपये मागितले, तर गिऱ्हाईक म्हणतं, काय केलंत काय तुम्ही? पण प्लेटांचा डबा दाखवला की हजार देतं. मग पोरं बघायचं सोडूनच देतात.”

हे ऐकून मी गप्प झालो, कारण ते गिऱ्हाईक मीच आहे. आपण सगळेच आहोत. आपण डब्यात आलेल्या वस्तूचे पैसे देतो, डोकं वापरल्याचे देत नाही. आणि हे कोण करतंय? ज्यांना महिन्याचा पगार फक्त आणि फक्त डोकं वापरल्याचा मिळतो ते लोक! क्लायंटने उद्या म्हटलं की बग शोधायला दोन दिवस लागले त्याचे पैसे नाही, फक्त बदललेल्या एका ओळीचे देतो, तर आपण त्याला काय म्हणू?

आणि आपल्या धंद्यातही हे पाप आहेच. रात्री सर्व्हर बसला की रीस्टार्ट. परत बसला की परत रीस्टार्ट. मग कोणीतरी रोज पहाटे तीनला आपोआप रीस्टार्ट होण्याची सोय करून ठेवतो आणि त्याला ‘फिक्स’ म्हणतो. मी स्वतः केलंय. तो माझा ‘क्लच असेंब्ली रिप्लेस’ होता.

नेहमीचा युक्तिवाद मला माहीत आहे. “माझ्या तासाची किंमत जास्त आहे, मी कशाला हात काळे करू?” अहो, नका करू! सगळ्यांनी क्लच उघडावा असं मी म्हणतच नाही. माझ्या बाबांच्या पिढीला चेतकच्या डिकीत जादा प्लग आणि क्लच वायर ठेवावी लागायची, त्यात रम्य काही नव्हतं, नाइलाज होता. पण स्वतः न करणं वेगळं आणि काय केलं हे न विचारणं वेगळं. माझ्या सात हजार आठशेमध्ये माझा एक मिनिटही वाचला नाही. उलट पाच महिन्यांनी मी मित्राच्या अंगावर गाडी घेऊन घसरत होतो.

कंपन्यांची जबाबदारी नाही असंही नाही. २०१४ साली भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजना खुली न ठेवल्याबद्दल. पुढे प्रकरण अपिलात गेलं. २०२२ मध्ये केंद्र सरकारने ‘राइट टू रिपेअर’साठी समिती नेमली, त्यात वाहनंही आहेत. चांगलंच आहे. पण दुरुस्तीचा हक्क मिळूनही आपण काउंटरवर डोळे झाकून सही करणार असू, तर तो हक्क घेऊन करायचं काय?

म्हणून माझं मागणं छोटं आहे. पुढच्या वेळी गाडी टाकाल तेव्हा तीनच गोष्टी करा. ‘बदला’ म्हणाले की विचारा, कशावरून? मोजलंय का, किती भरलं? जुना पार्ट परत मागा. आणि कोणी नीट तपासून ‘काही बदलायची गरज नाही’ असं सांगितलं, तर त्याला त्याचे पैसे द्या, घासाघीस न करता. ही तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे.

असो. लांबलं बरंच. आता पार्किंगमध्ये जा आणि आपापल्या क्लच लिव्हरचं टोक हलवून बघा. अजिबात हलत नसेल तर तुम्हीही माझेच भाऊबंद आहात.