शिकणाऱ्यांनो, शिकविणारे व्हा!



घरातला मुलगा किंवा मुलगी आय.टी.आय.मधून फिटर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर अथवा शिवणकामाचे प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडली की साऱ्या घराला धीर येतो. वर्धा, हिंगणघाट, आर्वी येथील शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून अशी मुले दरवर्षी बाहेर पडतात. नेमक्या याच वेळी त्यांच्या हाती रंगीत पत्रके पडू लागतात. “आमचा प्रशिक्षकाचा कोर्स करा आणि मास्तर व्हा” असा त्यांचा मजकूर असतो. मुलाचे मन ओढ घेते, बाप कर्जाची तजवीज करू लागतो आणि आई मंगळसूत्रातले मणी मोजते. आजचे हे चार शब्द त्या बापासाठी आणि त्या आईसाठी आहेत.

प्रथमच एक गोष्ट स्पष्ट करतो. प्रशिक्षक होण्याची इच्छा योग्य आहे. नव्हे, ती आपल्या मुलांनी धरलीच पाहिजे. प्रश्न एवढाच आहे की, त्यासाठी कोणते प्रमाणपत्र घ्यावे आणि त्यापायी किती पैसा खर्च करावा.

ही इच्छा योग्य का, हे समजण्यासाठी थोडे मागे वळून पाहू या. 1937 च्या ऑक्टोबरात याच वर्धा शहरात राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली आणि हस्तव्यवसायातून शिक्षण देण्याची योजना पुढे आली. ती देशभर वर्धा योजना म्हणून गाजली. परंतु आपल्या पूर्वजांच्या हातांना कामाची वाण कधीच नव्हती. वाण होती ती काम निवडण्याच्या अधिकाराची. मुंबईच्या कापडगिरण्यांत अस्पृश्य कामगारांना अधिक मजुरीच्या विणकाम खात्यात प्रवेश नव्हता, कारण तेथे तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याचा इतरांना विटाळ होई! 1928 च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा अन्याय उघडपणे मांडला. पुढे 29 ऑक्टोबर 1942 रोजी व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी आपल्या मुलांना सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत उमेदवार म्हणून घेण्याची मागणी केली. यंत्रावर काम करण्याचे कौशल्य कोणाच्या जन्माने ठरू नये, हा त्या मागणीचा अर्थ होता.

आज आपला मुलगा यंत्रापाशी उभा आहे. परंतु कारखान्यात काम करणे वेगळे आणि कार्यशाळेत पंचवीस मुलांना ते काम शिकविणे वेगळे. विद्या देण्याचे आसन आपल्याला शतकानुशतके नाकारले गेले. त्या आसनावर आपल्या घरातली व्यक्ती बसते, तेव्हा एका घरालाच पगार मिळतो असे नाही. सर्व जातींच्या मुलांना आपल्या माणसाकडून विद्या घेण्याची सवय लागते. धर्मांतराने मनातली उतरंड मोडली. आता व्यवहारातली उतरंड अशाच ठिकाणी मोडावयाची आहे.

आता प्रमाणपत्राविषयी. आय.टी.आय.मध्ये शिकविणाऱ्याला शिल्प निदेशक म्हणतात. त्यासाठी केंद्र सरकारच्या प्रशिक्षण महासंचालनालयाची शिल्प निदेशक प्रशिक्षण योजना आहे. तिला सी.आय.टी.एस. या नावाने ओळखतात. निदेशक घडविणारी पहिली संस्था 1948 साली निघाली. त्यानंतर 1960 च्या दशकात मुंबई, हैदराबाद, चेन्नई, कानपूर, लुधियाना आणि हावडा येथे अशा संस्था उभ्या राहिल्या. आज त्यांना राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्था असे नाव आहे. मुंबईत स्त्रियांसाठी स्वतंत्र संस्थाही आहे. वर्ध्याहून रेल्वेने हैदराबाद हे मुंबईपेक्षा जवळ पडते, हेही ध्यानात असू द्यावे.

हा अभ्यासक्रम एक वर्षाचा आहे. त्यात व्यवसायाचे सखोल ज्ञान व प्रात्यक्षिक यांबरोबर पाठ कसा तयार करावा, मुलांना कसे शिकवावे आणि त्यांची परीक्षा कशी घ्यावी, हेही शिकवितात. प्रवेश परीक्षेने मिळतो. त्या परीक्षेला बसण्यासाठी पदवीची सक्ती नाही. संबंधित व्यवसायाचे आय.टी.आय.चे राष्ट्रीय प्रमाणपत्र किंवा उमेदवारीचे राष्ट्रीय प्रमाणपत्र चालते. शेवटी जे प्रमाणपत्र मिळते, त्याचे नाव राष्ट्रीय शिल्प निदेशक प्रमाणपत्र.

याचे मोल किती? महासंचालनालयाने आय.टी.आय.च्या अभ्यासक्रमांत निदेशकांची पात्रता लिहून ठेवली आहे. एका तुकडीच्या जोडीला लागणाऱ्या दोन निदेशकांपैकी एक पदवी किंवा पदविकाधारक असावा आणि दुसरा आय.टी.आय. किंवा उमेदवारीचे प्रमाणपत्र असलेला असावा. परंतु राष्ट्रीय शिल्प निदेशक प्रमाणपत्र दोघांकडेही असले पाहिजे. अनुभवाची अट पदवीधराला एक वर्षाची, पदविकाधारकाला दोन वर्षांची आणि आय.टी.आय.वाल्याला तीन वर्षांची आहे. म्हणजे ज्याला इंजिनिअर होणे परवडले नाही, त्याच्यासाठीही एक जागा नियमानेच राखलेली आहे. गरिबाच्या मुलाला याहून सरळ वाट क्वचितच सापडेल.

याच नियमात कर्ज टाळण्याचा मार्गही आहे. तीन वर्षांचा अनुभव लागणारच आहे, तर तो आधी मिळवावा. दहावीनंतर दोन वर्षे आय.टी.आय., मग तीन वर्षे कारखान्यात किंवा वर्कशॉपमध्ये नोकरी आणि त्या पगारातून केलेल्या शिलकीवर एक वर्षाचा सी.आय.टी.एस., असा क्रम ठेवला तर बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी मुलगा किंवा मुलगी सर्व अटी पुऱ्या करून उभी राहते आणि सावकाराच्या दारी जाण्याची वेळ येत नाही. मात्र नोकरी करताना अनुभवाचा पुरावा जपा. मालकाकडून सही-शिक्क्याचे पत्र घ्या आणि भविष्य निर्वाह निधीत नाव आहे की नाही ते पाहा. तोंडी अनुभवाला निवड समितीपुढे किंमत नसते.

खर्चाचा हिशेब करताना केवळ फी पाहू नका. राहणे, जेवण, प्रवास आणि त्या वर्षाचा बुडणारा पगार हे चारही आकडे कागदावर मांडा. खासगी संस्थाही महासंचालनालयाच्या मान्यतेने हा अभ्यासक्रम चालवितात. त्यांची मान्यता त्याच व्यवसायासाठी आणि त्याच वर्षासाठी आहे काय, हे महासंचालनालयाच्या यादीत पाहिल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

अल्पमुदतीच्या कौशल्य योजनांच्या केंद्रांत शिकविण्यासाठी वेगळे प्रशिक्षक प्रमाणपत्र असते. ते थोड्या दिवसांत मिळते आणि त्याची मुदत ठराविक असते. तेथील कामासाठी ते उपयोगी आहे, परंतु आय.टी.आय.तील निदेशकपदासाठी ते राष्ट्रीय शिल्प निदेशक प्रमाणपत्राची जागा घेऊ शकत नाही. तेव्हा कोणीही पत्रक पुढे केले, तर त्याला एकच प्रश्न विचारा: “कोणत्या पदाच्या भरतीच्या नियमात या प्रमाणपत्राचे नाव लिहिले आहे, ते दाखवा.” ज्याला ते दाखविता येत नाही, त्याला आपला पैसा नेण्याचा अधिकार नाही.

आता हक्काविषयी. 1956 च्या धम्मदीक्षेनंतर तब्बल 34 वर्षे केंद्र सरकारच्या लेखी बौद्ध हे अनुसूचित जातींत नव्हते. 1990 च्या कायद्याने ती उणीव दूर झाली. अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्या माणसाला आज केंद्राच्या संस्थांतही राखीव जागेचा हक्क आहे. त्यासाठी जातीचे प्रमाणपत्र केंद्राने ठरविलेल्या नमुन्यात असावे लागते. राज्याच्या नमुन्यातले पुढे केले, तर हाती आलेली जागा जाऊ शकते. राज्य सरकारच्या राखीव पदासाठी जात वैधता प्रमाणपत्रही लागते. आजोबा-पणजोबांचे शाळेचे दाखले आणि जुने महसुली कागद आताच गोळा करा. जाहिरात निघाल्यावर धावपळ करू नका. बौद्ध म्हणविण्यात संकोच नको आणि हक्काचा कागद मागण्यातही संकोच नको.

शेवटी एक कटू सत्यही सांगितले पाहिजे. प्रमाणपत्र म्हणजे नोकरीची हमी नव्हे. महाराष्ट्रात चारशेहून अधिक शासकीय आय.टी.आय. आहेत, परंतु कायम पदांची भरती वर्षानुवर्षे रखडते आणि अनेक निदेशक तासिका तत्त्वावर, तुटपुंज्या मोबदल्यात शिकवितात. ही अवस्था बदलण्यासाठी आपल्याला संघटितपणे आवाज उठवावाच लागेल. मात्र ज्याच्याकडे पात्रताच नाही, त्याचा आवाज निवड समितीच्या दारापर्यंत पोहोचत नाही. जाहिरात निघेल त्या दिवशी आपली मुले सर्व कागदांसह तयार असली पाहिजेत. तोवरही हा निदेशक रिकामा राहत नाही. त्याचा व्यवसाय त्याच्या हातात असतो. कारखाना त्याला कामगार म्हणून घेतो आणि खासगी आय.टी.आय. निदेशक म्हणून.

तेव्हा बंधूंनो, भगिनींनो, मंगळसूत्रातले मणी मोडू नका. पत्रक बाजूला ठेवा आणि जवळच्या शासकीय आय.टी.आय.च्या प्राचार्यांकडे जाऊन या वर्षीच्या प्रवेश परीक्षेची माहिती विचारा. मुलाला विचाराल, तसेच मुलीलाही विचारा. आणि ज्या घरातला कोणी आधीच निदेशक झाला असेल, त्याने आठवड्यातली एक संध्याकाळ विहारात बसून वस्तीतल्या मुलांचे अर्ज भरून द्यावेत. जो शिकला त्याने दुसऱ्याला शिकवावे, एवढे झाले तरी पुष्कळ होईल.