कार्ल्याचा दगडी घट आणि बिझेनचा मातीचा पेला

आजचा धागा मावळातून निघून जपानला जातो आणि तळेगावमार्गे परत येतो. थोडा दीर्घ आहे; सवडीने वाचावा.

कार्ल्याच्या चैत्यगृहात शिरणारा प्रत्येक जण आधी वर पाहतो. ते स्वाभाविकही आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी फासळ्या अजून छताला आहेत, आणि स्तंभांच्या माथ्यावर हत्तींवर बसलेली जोडपी आहेत. परंतु ह्या लेण्यातील आजच्या विषयाची गोष्ट स्तंभांच्या पायाशी आहे. दोन्ही बाजूंच्या रांगांतील प्रत्येक स्तंभ पायऱ्यापायऱ्यांच्या बैठकीवर ठेवलेल्या एका घटातून वर येतो. फुगीर पोट, आवळलेला गळा आणि त्यातून उगवलेला अष्टकोनी खांब. जवळच्या बेडशाच्या ओसरीतील उंच स्तंभही असेच घटातून उभे आहेत. त्यांच्याहून जुन्या भाज्याच्या चैत्यात मात्र घट नाहीत. तिथले खांब साधे, थेट जमिनीतून निघालेले.

लाकडी घराच्या खांबाला वाळवी व ओल लागू नये म्हणून त्याचा पाय मडक्यात ठेवीत आणि तीच रीत पुढे दगडात उतरली, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. पूर्णघटाचे मांगल्य हे दुसरे. कोणतेही स्वीकारले तरी एक गोष्ट उरते. ज्या शिल्पीने हा घट कोरला त्याच्या डोळ्यांसमोर चाकावरचे मडके होते. पोटाची ती गोलाई छिन्नीला आपण होऊन सुचणारी नाही. ती फिरत्या चाकावर ओल्या मातीला हाताने आतून दिलेल्या रेट्याची आहे.

कार्ल्याच्या लेखांत दात्यांची नावे आहेत. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल आहे, धेनुकाकटाचे यवन आहेत, एक गांधिक आहे, दाराचे काम करणारा सुतार सामीही आहे. त्या काळी पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांत इटलीचे मद्य उतरत असे, ह्याची नोंद ‘पेरिप्लस’मध्ये आहे, आणि असे मद्य वाहून आणणाऱ्या मृत्पात्रांचे तुकडे नेवाशाच्या उत्खननात निघाले आहेत. नाशिकच्या एका लेखात ‘कुलरिकां’च्या श्रेणीकडे १००० कार्षापणांची ठेव ठेवल्याचा उल्लेख येतो. ह्या कुलरिकांना अभ्यासक कुंभार मानतात. म्हणजे एके काळी ह्या प्रदेशातील कुंभारांची संघटना इतकी विश्वासार्ह होती की लोक तिच्याकडे कायमची ठेव ठेवीत आणि तिच्या व्याजावर भिक्षूंच्या औषधपाण्याचा खर्च चाले.

ह्या पार्श्वभूमीवर एक प्रश्न मला फार दिवस छळतो आहे. मावळात घट अमर झाला तो दगडाचा झाल्यावर. मातीचा राहिलेला घट, आणि त्याहून लहान असा मातीचा पेला, आपल्याकडे वारसा कधीच का झाला नाही?

उत्तरासाठी पुण्यातून जावे लागेल. सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यान सर्वांना ठाऊक आहे. जपानमधील ओकायामा शहरातले कोराकुएन हे उद्यान १७०० साली पूर्ण झाले. त्याच्या धर्तीवर, ओकायामाशी जुळलेल्या मैत्रीतून आपले उद्यान घडले. लाखो पुणेकरांनी तिथल्या पुलावर उभे राहून माशांना पाहिले असेल. परंतु ज्या ओकायामा प्रांताशी आपण मैत्री केली त्याची शेकडो वर्षांची ओळख उद्यान ही नसून माती ही आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. ओकायामा शहराच्या पूर्वेला इम्बे नावाचे गाव आहे. तिथल्या भांड्यांना ‘बिझेन’ म्हणतात. जपानमध्ये ज्या सहा भट्टीस्थानांना ‘प्राचीन सहा’ असा मान आहे, त्यांतले हे एक.

बिझेनची माती भातखाचरांखालून काढतात. मावळच्या वाचकाने इथे क्षणभर थांबावे. आंबेमोहोर आणि इंद्रायणी पिकवणाऱ्या आपल्या खाचरांसारखीच खाचरे. त्यांच्या खाली काही हात खोल गेल्यावर लागणारी काळी, चिकट, लोहयुक्त माती. ती काढून वर्षानुवर्षे उन्हापावसात मुरवतात. तिच्यापासून पेला घडवतात आणि त्यावर कोणताही लेप किंवा झिलई चढवीत नाहीत. मग पाइनच्या लाकडावर दहा-दहा, चौदा-चौदा दिवस भट्टी जळत राहते, १२०० अंश सेल्सिअसच्याही वर. कुंभाराचे कुटुंब रात्रपाळ्या लावून लाकडे सारीत असते.

रंग येतो तो ह्या आगीतून. उडालेली राख पेल्याच्या खांद्यावर पडून वितळते आणि तीळ विखुरल्यासारखे पिवळसर ठिपके उमटतात. त्यांना तिकडे ‘गोमा’, म्हणजे तीळच, म्हणतात. भांडी एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यांच्याभोवती भाताचा पेंढा गुंडाळतात. त्या पेंढ्यातील क्षार मातीतल्या लोहाशी मिळून अंगावर तांबड्या रेघा ओढतात. ‘हिदासुकी’ हे त्यांचे नाव. अशा पेल्यातून प्यायची साकेही तांदळाचीच. खाचराची माती, खाचराचा पेंढा आणि खाचराचे धान्य तळहातावर मावणाऱ्या एका वस्तूत एकत्र येतात. जगातल्या सुंदर वस्तूंची यादी मला करायला सांगितली तर ही वस्तू तिच्यात फार वर असेल.

साकेच्या पेल्यांचे प्रकार अनेक. लहानसा घोटभराचा तो ‘ओचोको’. जरा मोठा, ऐसपैस तो ‘गुइनोमी’. ज्यातून ओतायचे ती निमुळत्या गळ्याची सुरई ‘तोक्कुरी’. मद्य पारखणाऱ्यांचा पेला निराळाच, पांढऱ्या चिनी मातीचा आणि तळाशी निळी वर्तुळे असलेला; त्या वर्तुळांवर मद्याची निर्मळता ताडून पाहतात. परंतु रसिकांचे प्रेम गुइनोमीवर. तो हातात आला की जाणकार आधी उलटा करून तळ पाहतो. पेला ज्या कड्यावर उभा असतो तिथे कुंभाराच्या बोटांचा आणि हत्याराचा माग लपवता येत नाही.

आणि हा पेला म्हातारा होऊ शकतो, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. ओठ आणि बोटे वर्षानुवर्षे लागून बिझेनचा खरखरीतपणा मावळतो, अंगावर मंद तकाकी येते. हागी ह्या दुसऱ्या ठिकाणच्या भांड्यांत तर पेय हळूहळू मुरून रंग पालटतो, आणि त्या पालटण्याला तिथे खास नाव आहे. आजोबांचा पेला नातवाकडे येतो तेव्हा तो नव्याहून मौल्यवान असतो.

आपल्याकडे मातीच्या भांड्याला म्हातारे होण्याची परवानगी नाही.

पहिले कारण भौतिक आहे. आपल्या कुंभाराचा आवा उघडा. लाकूडफाटा, गवत, शेण्या ह्यांचा. त्याची धग साधारण ७०० ते ९०० अंशांच्या घरात राहते. त्यात भाजलेले मडके सच्छिद्र असते. माठातले पाणी गार होते ते त्यामुळेच. हा त्याचा गुण आहे, दोष नव्हे. १२०० अंश सोसणारी माती सर्वत्र मिळत नाही, आणि सह्याद्रीच्या काळ्या दगडाची झीज होऊन बनलेल्या मातीकडून ती अपेक्षा करणे कठीण. (जाता जाता : गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी तपासून कोण कच्चे, कोण पक्के हे ठरवले ती कथा आपण अध्यात्मासाठी सांगतो. ती मुळात भाजणीच्या परीक्षेची आहे. पक्के मडके खणखणते. बिझेनचा पेला टिचकी मारल्यावर जवळजवळ धातूसारखा वाजतो.)

दुसरे कारण सामाजिक आहे आणि माझ्या मते तेच अधिक जड. मातीचे भांडे उष्टे झाले की घासून शुद्ध होत नाही, ही आपली धारणा. पितळ-तांबे चिंचेने लख्ख होते. माती ओठाला लागली की बाद. म्हणून माती ओठापासून दूर राहिली. माठ झाला, रांजण झाला, पण पेला मातीचा झाला तर एकदाच वापरण्याचा. कुंभाराने घडवलेल्या कितीतरी वस्तूंच्या कपाळी एकच दिवस लिहिलेला असतो. संक्रांतीचे सुगड, नवरात्राचा घट, दिवाळीची पणती, लग्नातली बोळकी, आणि अखेरीस खांद्यावरून फोडायचे ते मडके. ह्या क्षणभंगुरतेतही एक सौंदर्य आहे, हे मी नाकारीत नाही. परंतु ह्याच शुद्धतेच्या कल्पनेने चहाच्या दुकानाबाहेर दलितांसाठी वेगळा कप टांगून ठेवला होता, हेही विसरू नये. ज्या समाजात एकाच्या ओठाचा पेला दुसऱ्याच्या ओठाला चालत नाही, तिथे पेल्याचा वारसा कसा निर्माण व्हावा? जपानमध्ये आपला पेला धुऊन समोरच्याला देणे आणि त्याच्याकडून परत घेणे हा स्नेहाचा जुना रिवाज आहे. तो देश भेदाभेदापासून मुक्त होता असे मुळीच नाही. परंतु त्याचा भेद पेल्याच्या काठावर येऊन बसला नाही.

आता तळेगाव. १९०८ साली इथे पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. अंताजी दामोदर काळे ह्यांनी दारोदार एकेक पैसा मागून जमवलेला फंड, पाठीशी लोकमान्य टिळक, आणि कारखान्याची धुरा ईश्वरदास वार्ष्णेय ह्यांच्याकडे. जपानमध्ये आणि नंतर अमेरिकेत काचनिर्मिती शिकून आलेला हा तरुण. जपानने रशियाला १९०५ मध्ये नमवले होते आणि केसरीच्या वाचकाला जपान म्हणजे स्वदेशीचा आदर्श वाटत होता. म्हणजे मावळचा जपानशी हस्तोद्योगांच्या निमित्ताने संबंध आला तो पेल्यांतूनच, फक्त काचेच्या आणि कारखान्यातल्या. त्या पिढीला मी दोष देणार नाही. पारतंत्र्यातल्या देशाला आधी यंत्र हवे होते.

खटकते ते पुढचे. १९२५ साली यानागी सोएत्सु, हामादा शोजी आणि कावाई कांजिरो ह्यांनी ‘मिंगेई’, म्हणजे लोकांची कला, हा शब्द घडवला. अनाम कारागिरांच्या रोजच्या वापरातील भांड्यांत श्रेष्ठ सौंदर्य असते, असे त्यांचे म्हणणे. १९३६ मध्ये तोक्योत त्यासाठी संग्रहालय झाले. १९५० मध्ये सांस्कृतिक ठेव्यांच्या रक्षणाचा कायदा आला, आणि १९५५ पासून जिवंत कारागिरांनाच राष्ट्रीय ठेवा मानण्यास सुरुवात झाली. हामादा पहिल्यांतले एक. जपानकडून यंत्र शिकलेल्या आपण हा दुसरा धडा घेतला नाही. दिल्लीचे गुरचरण सिंग त्याच सुमारास जपानला जाऊन ह्या मंडळींच्या सहवासात राहिले आणि परतल्यावर आयुष्यभर मातीकाम करीत राहिले. असा माणूस तळेगावला लाभला नाही.

‘जपान्यांच्या रक्तातच सौंदर्यदृष्टी आहे’ हे वाक्य ह्या विषयावर हमखास ऐकू येते. ते खोटे आहे. मेइजी काळात बिझेनला कोणी विचारीत नव्हते. भट्ट्यांतून विटा आणि सांडपाण्याचे नळ निघत होते. महायुद्धात तर तिथे मातीचे हातबॉम्ब घडवून घेतले गेले. कानेशिगे तोयो ह्या कुंभाराने सोळाव्या शतकातील भांड्यांचे तुकडे अभ्यासून माती आणि भाजणीची हरवलेली रीत पुन्हा उभी केली, तेव्हा बिझेन जगले. १९५६ मध्ये त्याला राष्ट्रीय ठेवा म्हणून गौरवले गेले. परंपरा आपोआप टिकली नाही. एकाने हट्ट धरला, काहींनी लिहिले, राज्याने कायदा केला, आणि गिऱ्हाइकाने मशीनच्या पेल्याच्या अनेक पट किंमत मोजली. शेवटचे सर्वांत अवघड.

मावळात आज मातीचा पेला परतला आहे, पण जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर तंदूर चहाच्या रूपाने. आपण तो चहा पितो, छायाचित्र काढतो आणि पेला कचऱ्याच्या डब्यात टाकतो. त्या पेल्याचे कुंभाराला मिळतात ते काही रुपये. तळेगाव-चाकणच्या पट्ट्यात जपानी कंपन्या आहेत, त्यांच्यासाठी जपानी शिकणारी मराठी मुले आहेत, जपानी जेवण मिळणारी उपाहारगृहे आहेत. संबंध १९०८ पेक्षा कितीतरी दाट झाला आहे. वस्तू मात्र अजून यंत्राच्याच आहेत.

म्हणून माझे मत स्पष्ट मांडतो. ओकायामाशी मैत्री आहे तर पुढच्या शिष्टमंडळात एक कुंभार असावा. मावळची माती १२०० अंश सोसत नसेल तर चंद्रपूर किंवा सिंधुदुर्गाकडची माती तिच्यात मिसळून पाहावी. बंद भट्टी सामाईक असावी, कारण ती एका कुटुंबाच्या ऐपतीची नाही. इंद्रायणी तांदळाचा पेंढा इथे सुगीनंतर हवा तितका मिळतो. त्याच्या तांबड्या रेघा इथल्या मातीवर कशा उमटतील ते कोणीतरी भाजून पाहिले पाहिजे. पेल्यात साके असावी असा आग्रह नाही. चहा चालेल, ताक चालेल, कोकम सरबत तर उत्तम. अट एकच : पिऊन झाल्यावर तो धुऊन फडताळात ठेवायचा, आणि पाहुणा आला की त्यालाही त्यातूनच द्यायचे.