मिठात जगणारे, खनिज घडवणारे

जून २०२० मध्ये बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर अचानक गुलाबी झालं. मोबाईलवर फोटो फिरले. कुणी करामत म्हणालं, कुणी कयामतची निशाणी. पाण्याचे नमुने आपल्या नागपूरच्या नीरीत आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत गेले, आणि कारण कळलं. उन्हाळ्यात पाणी आटून खारटपणा वाढला होता. त्यात ‘हॅलोआर्किया’ नावाचे मीठप्रिय सूक्ष्मजीव फोफावले होते. गुलाबी रंग त्यांच्या अंगातला. ते तळाशी बसले आणि रंग ओसरला.

आपण लोणचं टिकावं म्हणून मीठ घालतो, कारण मीठ जंतूंच्या अंगातलं पाणी ओढून घेतं. हे जीव मात्र स्वतःच्या पेशीतच पोटॅशियमचे क्षार साठवून तो ताण पेलतात.

खाऱ्या पाण्यातले काही जिवाणू तर खनिजंही घडवतात. चहाच्या किटलीत पांढरा थर जमतो ना? तिथे उष्णतेने पाण्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट खाली बसतं. जिवाणू हेच काम चुलीशिवाय करतात. अन्नाचे तुकडे पाडताना ते अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. अमोनियाने पाणी अल्कधर्मी होतं, कार्बोनेट तयार होतं. जिवाणूच्या बाहेरच्या आवरणाला कॅल्शियम, मॅग्नेशियम चिकटतं आणि तिथेच स्फटिकाचा पहिला कण धरतो. स्पेनमधल्या ग्रॅनडा विद्यापीठात मीठप्रिय जिवाणूंच्या या कामावर अनेक वर्षं संशोधन झालं. १९९५ मध्ये ब्राझीलच्या एका खाऱ्या खाजणातले जिवाणू डोलोमाइट घडवतात, असंही दिसलं.

लोणारचे सगळेच क्षार जिवाणूंनी केले असं मात्र नाही. बरेचसे निव्वळ पाणी आटून बनतात. तळाच्या गाळात ‘गेलुसाइट’चे स्फटिक सापडले. ते दीर्घ अवर्षणात तयार झाले. म्हणजे हजारो वर्षांपूर्वीच्या दुष्काळांची नोंद या गाळात आहे.

म्हणून सरोवराचा खारटपणा जपायला हवा. सांडपाणी किंवा जास्तीचं गोडं पाणी आत शिरलं, तर मिठावर जगणारे हे जीव तिथे टिकणार नाहीत. नोव्हेंबर २०२० मध्ये लोणारला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, पण नुसत्या दर्जाने पाणी राखलं जात नाही.

सहलीला लोणारला जाल, तेव्हा मुलांना काठावरचा पांढरा थर जरूर दाखवा. साबण, प्लास्टिक मात्र खाली नेऊ देऊ नका. आणि पुन्हा कधी पाण्याचा रंग बदलला, तर फोटो पुढे पाठवण्याआधी मुलांना एवढंच विचारा : ‘असं का झालं असेल?’