मनुष्यबळ विभागाचें पहिलें कर्तव्य

हल्लीं ज्या घरांतील मुलगा वा मुलगी, सून वा जांवई एखाद्या कंपनींत नोकरीस आहे, त्या घरीं रात्रींच्या जेवणास 'एच्. आर्.' हीं दोन अक्षरें कानीं पडलीं नाहींत, असें क्वचितच घडत असेल. कोणाची वेतनवाढ तेथें अडलेली असते, कोणाची तक्रार तेथें जाऊन निजलेली असते, तर कोणाच्या अर्जाचें पुढें काय झालें हें त्याचें त्यासहि ठाऊक नसतें. मराठींत या खात्यास मनुष्यबळ विभाग म्हणतात. कोठें कोठें मानव संसाधन विभाग असेंहि म्हणतात. या दुसऱ्या नांवांतील 'साधन' आम्हांस फारसें रुचत नाहीं. साधन म्हटलें कीं, तें वापरणारा कोणी दुसरा आलाच. तथापि नांवाचा वाद येथें करावयाचा नाहीं. हें खातें कशासाठीं जन्मास आलें आणि त्याची सुधारणा करावयाची तर आरंभ कोठून करावा, एवढाच आजचा विषय आहे.

या खात्याचा आपल्याकडील पूर्वेतिहास मुंबईच्या कापडगिरण्यांत सांपडतो. तेथें कामगार ठेवणें व काढणें मालकाच्या हातीं बव्हंशीं नांवापुरतेंच असे. खरी सत्ता जॉबरची, म्हणजे मुकादमाची. गांवाकडून माणसें आणणारा तो, त्यांस काम देणारा तो आणि नडीअडचणीस कर्ज देणाराहि पुष्कळदां तोच. नोकरी मिळावी म्हणून त्याला दस्तुरी द्यावयाची आणि ती टिकावी म्हणून पुन्हां द्यावयाची, असा प्रकार सर्रास चाले. १९२९ सालीं व्हिटले यांच्या अध्यक्षतेखालीं शाही मजूर कमिशन नेमलें गेलें. आपले नारायण मल्हार जोशी हेहि त्याचे सभासद होते. १९३१ सालच्या अहवालांत कमिशननें असें सुचविलें कीं, कारखान्याचा व्याप पुरेसा असेल तेथें एक मजूर अधिकारी नेमावा. तो केवळ जनरल मॅनेजरच्या हाताखालीं असावा. भरती त्याच्या हातून व्हावी, आणि त्याचें म्हणणें ऐकून घेतल्यावांचून कोणासहि कामावरून दूर करूं नये. पुढें १९४८ च्या कारखाने कायद्यानें पांचशें किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांत कल्याण अधिकारी नेमणें सक्तीचें केलें.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. मुकादमाचें खरें बळ त्याच्या दस्तुरींत नव्हतें, 'कां?' असें त्याला कोणी विचारूं शकत नसे, यांत होतें. ज्याच्या हातीं दुसऱ्याची भाकरी आहे त्यानें कारण सांगितलें पाहिजे, या तत्त्वासाठीं हा नवा अधिकारी उभा राहिला. म्हणून आमचें मत असें आहे कीं, उत्तर देणें हेंच या विभागाचें पहिलें कर्तव्य होय. वाढदिवसाचे केक आणि वार्षिक सहली हीं त्यानंतरचीं कामें!

आतां आजची स्थिति पाहावी. तरुण अर्ज करतो, संगणक क्षणार्धांत पोंच देतो, मुलाखतीहि होतात, आणि मग महिनेच्या महिने निःशब्द शांतता. कंपनीच्या दृष्टीनें तो शेंकडों अर्जांतील एक. परंतु त्याच्या घरीं हातची दुसरी नोकरी धरावी कीं सोडावी याचा निर्णय थांबलेला असतो, घराच्या कर्जाचा कागद सहीवांचून पडून असतो, आणि आई रोज डोळ्यांनींच विचारीत असते. नोकराच्या मागें त्याचें कुटुंब उभें असतें, हें कौटिल्यासहि दिसत होतें. भृत्यांच्या भरणपोषणाच्या प्रकरणांत कामावर असतां मृत्यु पावलेल्या सेवकाच्या स्त्रीपुत्रांचीहि तरतूद त्यानें सांगितली आहे. मग नकाराचीं दोन ओळींचीं पत्रें आपणांस कां जड व्हावीं? अर्ज सहस्रावधि येतात, ही सबब पटण्याजोगी नाहीं. जें यंत्र सहस्र अर्ज घेतें, तें सहस्र उत्तरेंहि देऊं शकतें. 'अमुक तारखेपर्यंत कळवूं' असें आधींच सांगावें आणि ती तारीख पाळावी.

तक्रारीचें तर याहून कठीण. ज्या वरिष्ठाविरुद्ध गाऱ्हाणें, त्याच्याकडेच तें 'अभिप्रायार्थ' पाठविलें जातें. मग दुसऱ्या वेळीं कोण तोंड उघडील? या बाबतींत कायद्यानें एके ठिकाणीं चांगला धडा घालून दिला आहे. कामाच्या जागीं होणाऱ्या लैंगिक छळासंबंधींच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणें दहा किंवा अधिक माणसें कामास असतील तेथें अंतर्गत समिति हवी. तिची अध्यक्ष वरिष्ठ स्त्री असावी, एक सभासद बाहेरचा असावा आणि चौकशी नव्वद दिवसांत पुरी व्हावी. ऐकणार कोण, निःपक्षपाती कोण आणि अवधि किती, हे तिन्ही प्रश्न येथें सुटले आहेत. इतर गाऱ्हाण्यांस हीच रीत लावावयास नवा कायदा कशास हवा?

नोकरी सोडून जाणाऱ्याच्या बाबतींत विभागाची खरी परीक्षा होते, कारण त्याजपासून आतां कांहीं मिळावयाचें नसतें. नोव्हेंबर २०२५ मध्यें अंमलांत आलेल्या वेतन संहितेनें अशा माणसाचें वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत चुकतें करण्यास सांगितलें आहे. त्यासवेंच त्याला अनुभवाचा दाखला द्यावा, आणि सोडण्याचें कारण त्याच्या वरिष्ठानें न विचारतां दुसऱ्या कोणी विचारावें. खरें उत्तर तेव्हांच मिळतें.

मात्र सारा दोष विभागांतील मंडळींच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल. तींहि पगारी माणसेंच. अधिकार नसलेला अधिकारी गोड हसूं शकतो. न्याय देऊं शकत नाहीं. म्हणूनच कमिशननें त्याला खातेप्रमुखांच्या हाताखालीं ठेवलें नाहीं. मालकांनीं हा मुद्दा लक्षांत घ्यावा, आणि विभागाचें काम मोजतांना किती माणसें भरलीं हें न पाहतां, किती दिवसांत किती जणांस उत्तर मिळालें, हें पाहावें.

शेवटीं आपल्या घरांविषयीं थोडें. मुलाच्या नोकरीसाठीं ओळखीच्या साहेबांस टेलिफोन करणारे वडील आणि काका आपणांमध्यें थोडे नाहींत. 'नुसता शब्द टाकला' असें ते म्हणतात. परंतु त्या शब्दानें ज्याची जागा जाते, तोहि कोणाच्या तरी घरचा मुलगा असतो, आणि त्याला कारण कधींच कळत नाहीं. वशिला म्हणजे चांगल्या कपड्यांतील दस्तुरीच होय. कंपनीनें आपल्या मुलांस न्यायानें वागवावें अशी इच्छा असेल, तर तो टेलिफोन आपण करूं नये. आणि आपल्याच घरचें कोणी त्या विभागांत बसत असेल, तर आज किती पत्रांस उत्तर दिलें, हें त्याला जेवतांना अवश्य विचारावें.